स्वयंपाकघरातला कॉलम

सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला माझ्या वाट्याला नेहमी स्टाफ धरणं यायचं. स्टाफ म्हणजे आकडे रंगवलेली उंच पट्टी. ती जमिनीवर सरळ उभी धरायची, लांबून दुसरा कोणी यंत्रातून तिच्यावरचे आकडे वाचतो आणि त्यावरून जमिनीचा चढउतार काढतात. आमच्या गटातल्या मुलांना यंत्राला डोळा लावायचा असे. पट्टी धरून उन्हात उभं राहायला कोणी तयार नसे. पहिल्याच दिवशी दिंडोशीहून येणारी एक मुलगी म्हणाली, "काकांना द्या रे. काका अजिबात हलत नाहीत."

सगळे हसले, मीही हसलो. तिचं म्हणणं खरं होतं. बायको जाऊन वर्ष उलटलं होतं आणि मला एका जागी उभं राहायची सवय लागली होती. घरी ओट्यापाशी उभा असलो की चहाचं पाणी आटून पातेलं काळं पडायला लागल्यावरच भानावर येत असे. मैदानात निदान उभं राहण्याचा कोणाला तरी उपयोग होता.

माझी पन्नाशी झाली होती आणि मी सिव्हिल इंजिनिअरिंगला होतो. त्याआधीची माझी सगळी उमेदीची वर्षं अंधेरीतल्या एका फायनान्स कंपनीत गेली. बांधकाम प्रकल्पांना कर्ज द्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्या विभागात मी होतो. इमारत माझ्यासमोर यायची ती चौरस फुटांत, विक्रीच्या अंदाजात, व्याजाच्या दरात. ती उभी कशी राहते हा प्रश्न माझ्या टेबलावर कधी आला नाही. तो प्रश्न घरी यायचा, संध्याकाळी, बायकोबरोबर.

ती स्ट्रक्चरल इंजिनिअर होती. उपनगरातल्या जुन्या इमारती तपासायच्या, कुठे काय गेलंय ते सांगायचं, दुरुस्ती उभं राहून करून घ्यायची, हे तिचं काम. लग्नकार्याला गेलो की ती हॉलच्या छताकडे बघत बसे. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात सासरच्यांना वाटलं, ही रुसली आहे. ती माझ्या कानाशी सांगत होती, "अरे, तो मधला बीम बघ. लोंबलाय. वर काहीतरी जड ठेवलंय यांनी." मी बघायचो आणि हूं म्हणायचो. तो हुंकार खोटा नव्हता. कळत काही नसे, पण ती बोलायला लागली की मला तिचं बोलणं थांबू नये असं वाटायचं. तिलाही ते माहीत होतं. "तुला यातलं काही झेपलेलं नाहीये," ती म्हणायची, "पण ऐकतोस मात्र छान. रिटायर झालास ना, की शिकवते तुला सगळं. माझा असिस्टंट हो. पगार नाही मिळणार."

असिस्टंट व्हायचं आमचं ठरलंच होतं. आधी तो विनोद होता, मग हळूहळू बेत झाला. मी नोकरी कधी सोडायची, कोणत्या खोलीत टेबल टाकायचं, इथपर्यंत बोलणं आलं होतं. मग तिचं दुखणं निघालं. कळलं तेव्हा उपचारांना फारसा वाव उरला नव्हता. पावसाळ्याच्या तोंडाशी कळलं आणि दिवाळीला ती नव्हती.

ती गेल्यावर घरात तिचे शब्द राहिले. कव्हर. कार्बोनेशन. काँक्रीटला पाणी मारणं. सळई गंजली की फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते, त्याला ती म्हणायची, "गंज जागा मागतो रे." हे सगळं मी शेकडो वेळा ऐकलं होतं आणि मला त्यातल्या एकाचाही अर्थ नीट सांगता आला नसता. आजारपणाच्या आधीचं तिचं बोलणं आठवताना मी त्या शब्दांपाशी येऊन अडायचो. तिच्या आयुष्याचा निम्मा भाग माझ्यासमोर बोलला गेला होता आणि तो मला परत वाचता येत नव्हता.

बारावी माझी सायन्सची होती. तेव्हा मार्क कमी पडले म्हणून कॉमर्सला गेलो होतो. नियम पाहिले, मी बसत होतो. मुलीला फोन केला. ती बंगळुरूला असते.

"बाबा, तुम्ही काउन्सेलरकडे जा ना त्यापेक्षा."

"जाऊन आलो."

"मग? त्यांनी सांगितलं इंजिनिअरिंग करा म्हणून?"

"नाही. त्यांनी चालायला जा म्हणून सांगितलं."

ती म्हणाली, "मॅथ्सला केटी लागली तर मला सांगायचं नाही. मी आईसारखी समजूत काढणार नाही. ओरडणार." मी फोन ठेवला आणि फॉर्म भरायला बसलो.

मॅथ्सला केटी लागलीच. म्हणजे तो विषय पुढच्या वर्षात बरोबर घेऊन जावा लागला. ते सोडलं तर कॉलेजने मला सांभाळून घेतलं. शिकवणारे बहुतेक माझ्याहून लहान होते आणि संकोचून मला "सर" म्हणत. मुलांचा संकोच आठवड्यात संपला. "काका, आज तुमचं जर्नल द्या, अक्षर वाचता येतं." "काका, व्हायवाला तुम्ही आधी जा ना, तुमच्यावर प्रश्न संपवतील." दिंडोशीची मुलगी कँटीनमध्ये माझ्या डब्याची रोज पाहणी करायची आणि रोज नापास करायची. "काका, ही भाजी आहे की पुरावा?"

मी का आलो हे त्यांनी सुरुवातीला विचारलं. बायकोचं काम होतं म्हणून, एवढंच मी सांगितलं. पुन्हा कोणी विचारलं नाही. त्या वयाच्या मुलांना असं थांबता येतं हे मला माहीत नव्हतं.

शब्द मात्र एकेक करून उघडत होते. कव्हर म्हणजे सळईच्या बाहेर असलेला काँक्रीटचा थर, इतकी साधी गोष्ट. वर्गात ते फळ्यावर काढलेलं पाहिलं, आणि ती एकदा जेवताना फुलक्याचा वरचा पापुद्रा सोलून दाखवत मला काय सांगत होती, ते तिथे बाकावर बसून कळलं. आनंद व्हायचा. त्या आनंदाच्या मागोमाग जे यायचं त्याला बाकावर बसून तोंड देणं अवघड होतं. मी खाली मान घालून लिहीत राहायचो.

कार्बोनेशनचा प्रयोग तिसऱ्या वर्षी आला. ताज्या, निरोगी काँक्रीटमध्ये एक अल्कधर्म असतो, आम्लाच्या उलटा. तसा तो असेपर्यंत आतली सळई गंजत नाही. वर्षानुवर्षं हवा आत झिरपत गेली की तो अल्कधर्म मरत जातो, बाहेरून आत. तो कुठवर मेलाय हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून काँक्रीटचा तुकडा फोडायचा आणि ताज्या फुटलेल्या बाजूवर एक द्राव फवारायचा. शाळेत ब्युरेटखाली थेंबाथेंबाने गुलाबी व्हायचं, तेच हे रसायन. जिथे काँक्रीट जिवंत आहे तिथे ते गर्द गुलाबी होतं. जिथे गेलं तिथे काहीच होत नाही, पाणी शिंपडल्यासारखं ओलं दिसतं आणि वाळतं. सरांनी दोन तुकडे ठेवले होते. एक लॅबमध्येच भरलेला, एक कुठल्याशा पाडलेल्या इमारतीतून आणलेला. पहिला जास्वंदीसारखा रंगला. दुसरा राखाडी राहिला.

"काय हॉरिबल आहे ना," दिंडोशीची मुलगी म्हणाली. "दिसायला दुसराच जास्त मजबूत वाटत होता."

आता आमच्या इमारतीबद्दल सांगायला हवं. वर्सोव्याला, कोळीवाड्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत. खारा वारा दिवसरात्र. खिडक्यांच्या बिजागऱ्या आम्ही चपला बदलाव्यात तशा बदलायचो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर एक मालवणकडच्या मावशी राहायच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते; गिरणी बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांत त्यांनी ही जागा घेतली. यजमान गेले, मुलगा वसईला गेला, मावशी हलल्या नाहीत. माझी बायको कामावरून आली की तीन जिने चढायच्या आधी त्यांच्याकडे टेकायची. कधी कधी मला वर फोन यायचा, "भात टाक, मी खाली अडकलेय."

बऱ्याच वर्षांपूर्वी जिन्यातला प्लास्टरचा मोठा पोपडा पडला, तेव्हा सोसायटीला वरून सिमेंट थापून रंग मारायचा होता. बायको भांडली. कॉलम नीट करायचे तर कुजलेला भाग काढून, भोवती नव्या सळ्या बांधून, बाहेरून नव्या काँक्रीटचं जाड आवरण द्यावं लागेल, हे तिने प्रत्येकाच्या घरी जाऊन समजावलं. मग अख्खा हिवाळा ती स्वतः उभी राहिली. ओलं गोणपाट गुंडाळलेल्या कॉलमांना शेजारच्या बायका तिच्या धाकाने सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होत्या. आमच्या स्वयंपाकघरातला कॉलम त्या दुरुस्तीत इतका जाड झाला की फ्रिज त्याच्या जागेवर बसेना. तो हॉलमध्ये गेला, टीव्हीच्या शेजारी, आणि तिथेच राहिला. पाहुणे हसायचे. ती म्हणायची, "बायको इंजिनिअर केली की असं होतं."

काम संपल्यावर गच्चीवर सभा झाली. कोणीतरी विचारलं, "वहिनी, आता किती वर्षं बघायला नको?" ती दमलेली होती. म्हणाली, "आपलं निभेल."

हे दोन शब्द इमारतीत घट्ट बसले. नंतर कोणाच्या घरी ओल आली, कुठे तडा दिसला, तरी लोक म्हणायचे, वहिनींनी सांगितलंय, निभेल. त्या भरवशावर लोकांनी बाल्कन्या बंद करून खोल्या केल्या. जुन्या लाद्या न काढता त्यांच्यावर नव्या बसवल्या. तिला हे दिसायचं, ती बोलायची, तेवढ्यापुरतं लोक हो म्हणायचे.

मी तिसऱ्या वर्षाला असताना रिडेव्हलपमेंटचं निघालं. इमारतीत दोन तट पडले. सेक्रेटरी माझ्याच वयाचा, मोठ्याने बोलणारा, मनाने बरा माणूस. त्याला नवी इमारत हवी होती. "यार, आईला गुडघ्यांचं ऑपरेशन करून जिन्याने उचलून आणलंय मी. लिफ्ट पाहिजे की नको?" दुसऱ्या बाजूला मावशी आणि बरीच जुनी घरं. मी दुसऱ्या बाजूला होतो. मोठ्याने काही बोललो नव्हतो, पण सगळ्यांना माहीत होतं. ते घर गेलं असतं तर तिचं असं काहीच माझ्याकडे राहणार नव्हतं. फोटो होते, साड्या होत्या, पण ती जिथे वावरली ती जागा एकच होती. बाथरूमच्या दारापासून ओट्यापर्यंत ती अंधारातही न अडखळता यायची. त्या वाटेवरून मी रोज चालायचो. मला दुसरं काही नको होतं.

आधी इमारतीची तपासणी करायची ठरली. तपासणीचे लोक आले त्या सकाळी मी कॉलेजला गेलो नाही. दोन माणसं होती, एकाजवळ ड्रिल, दुसऱ्याजवळ फवाऱ्याची बाटली. बाटली पाहिली आणि मला काय होणार ते कळलं. जिन्याखालच्या बीमचा कोपरा त्यांनी फोडला. आत सळई होती, पण तिला सळई म्हणवत नव्हतं, पापुद्रे सुटलेले. त्याने फवारा मारला. सगळे वाकून बघत होते. काँक्रीट ओलं झालं. वाट पाहिली. ओलंच राहिलं.

"रंग कित्याक मारतत?" मावशींनी मला विचारलं.

सेक्रेटरी म्हणाला, "टेस्ट आहे मावशी. खराब असलं की रंग येतो."

"मगे इलो खय? रंग इलोच नाय," मावशी म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बघ रे झिला. तुझ्या बायकोन सांगल्यान तसाच. काय एक नाय झाला पिलराक."

तपासणीची माणसं दुसऱ्या कामाच्या घाईत होती. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. त्यांचा अहवाल नंतर येणार होता. मी मावशींची चूक दुरुस्त केली नाही.

ते वरवर चढत गेले, मागोमाग अर्धी इमारत. दुसऱ्या मजल्यावरही बीमच फोडले, तिथेही रंग आला नाही. लोक एकमेकांना टाळ्या देऊ लागले. सेक्रेटरीचा चेहरा पडला. मग ते आमच्या घरी आले. स्वयंपाकघरातला कॉलम त्यांनी कोपऱ्यात उघडला, मुठीएवढा खड्डा, बराच खोल. त्याने बाटली दाबली.

बाहेरच्या बाजूला, दोन बोटं जाडीचा एक पट्टा गुलाबी झाला. गर्द, स्वच्छ, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा. त्याच्या आत, जुना कॉलम होता तिथे, काहीही झालं नाही.

मग मागून एका शेजारणीचा हळू आवाज आला, "अरेरे. वहिनींच्याच घरात खराब निघालं गं."

मावशींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "असूं दे. एका घराचा काय ता दुरुस्त करूक येता."

मी त्या पट्ट्याकडे बघत होतो. तो तिने भरून घेतलेला थर होता. एवढ्या वर्षांनी, त्या वाऱ्यात, तो तसाच होता. तिने पाणी मारायला लावलं होतं ते प्रत्येक वेळी मारलं गेलं होतं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला तिचं काम दिसत होतं, नुसता आवाज नाही, काम, आणि ते किती चांगलं आहे हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि त्याच खड्ड्यात हेही दिसत होतं की त्या थराच्या आत धरून ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. सगळे गेल्यावर मी दार लावलं आणि जमिनीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो. इमारत कोणाची ते न सांगता कागदावर छेद काढून दाखवला. बाहेरचा थर चांगला, आतला गाभा गेलेला, बीमची सळई खाल्लेली. "सर, पुन्हा बाहेरून बांधून घेतलं तर?"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मला दुखवायचं नसल्यासारखे म्हणाले, "एकदा बांधलंय ना, सर? त्याने तेवढी वर्षं काढून दिली. आता गाभाच नाही तर कशाभोवती बांधणार? आणि बीमचं काय?"

मला हे माहीत होतं. मी दुसरं उत्तर मिळेल या आशेने गेलो होतो. बाहेर व्हरांड्यात दिंडोशीची मुलगी होती, तिने माझ्या हातातला कागद ओढून घेतला.

"काका, हे काय काढलंय कॉलमच्या शेजारी? चौकोन?"

"फ्रिज. आधी तिथे होता."

"सेक्शनमध्ये फ्रिज कोण दाखवतं?" ती हसली, आणि माझ्याकडे बघून थांबली. "हे तुमचं घर आहे?"

मी हो म्हणालो. तिने कागद नीट घडी घालून मला परत दिला. त्या दिवशी ती डब्याला काही बोलली नाही.

रविवारी गच्चीवर सभा झाली. अहवाल आला होता. इमारत धोकादायक, असं त्यात होतं. पण तपासणीवाला बिल्डरचा माणूस आहे, हे तोवर पक्कं ठरलं होतं. एकजण उठून म्हणाला, "आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं ना? एका घरात सोडून कुठे रंग आला? मग हे काय लिहिलंय?" टाळ्या पडल्या. सेक्रेटरी घाम पुसत म्हणाला, "वाट लागली. आता समजवा कोणीतरी यांना."

मावशी पुढच्या खुर्चीवर होत्या. त्या वळल्या. "ह्याका इचारा. हो शिकता ताच. आणि तिचो घोव आसा. हो खोटा सांगूचो नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गप्प बसलो असतो तर त्या दिवशी तरी रिडेव्हलपमेंटचा ठराव पडला असता. घर आणखी काही वर्षं राहिलं असतं, कदाचित माझ्यापुरतं. मला तळमजला दिसत होता, मावशींची खाट, तिच्यावरचा तसाच बीम.

मी उभा राहिलो. रंग आला तिथे काँक्रीट चांगलं असतं, हे मी सांगितलं. आला नाही तिथे ते गेलेलं असतं. आपल्याकडे फक्त एका ठिकाणी आला, तोही बाहेरच्या थराला, आणि तो थर दुरुस्तीत घातलेला. बाकी सगळं गेलंय. दोनदा सांगावं लागलं.

"पण वहिनी म्हणाल्या होत्या निभेल," मागून कोणी म्हणालं. रागाने नाही, खरंच समजून घ्यायचं होतं त्याला.

"तिचं निभलं," मी म्हणालो.

त्यानंतर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी माझ्याकडे बघत होत्या. "ती असती तर असा बोलली नसती," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ती असती तर तिने हेच, माझ्याहून आधी आणि माझ्याहून नीट सांगितलं असतं. पण हे मी त्यांना म्हणालो नाही. त्यांना राग धरायला कोणीतरी हवं होतं आणि मीच समोर होतो. हात वर करायची वेळ आली तेव्हा मी केला. शेजारी बसलेल्याने माझा हात पाहिला आणि आपला केला. मग एकेक करत बरेच वर गेले. मावशींनी मात्र दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवले.

सामान हलवायला सगळ्यांना उन्हाळ्यापर्यंत मुदत होती. मावशी माझ्याशी बोलत नव्हत्या. मी जिन्यावरून उतरलो की त्यांचं दार आतून लागायचं. मी गोरेगावला भाड्याने जागा घेतली. मुलगी आठवडाभर आली, आईच्या वस्तू तिने आवरल्या, मी तिला मध्ये मध्ये काय कुठे ठेवायचं ते विचारून त्रास दिला. निघायच्या सकाळी ती स्वयंपाकघरात एकटीच बराच वेळ होती. मी आत गेलो नाही.

परीक्षा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी फोन आला. मावशी.

"मुलग्यान माका खोली बघल्यान, थय तुझ्या गोरेगावातच. येऊन बघून जा."

"काय बघू मावशी?"

"काय म्हणजे? छप्पर. भिंती. तू ताच बघतंस ना?"

मी गेलो. एकच खोली होती, एका चाळवजा इमारतीच्या तळाशी. मावशींनी दारातून मला आत घेतलं, कशा आहात वगैरे काही नाही, सरळ वर बोट दाखवलं. मी स्टुलावर चढून स्लॅब पाहिला. कोपरे पाहिले, खिडकीवरचा बीम, न्हाणीची ओल. जितकं येत होतं तितकं सगळं पाहिलं. खाली उतरलो.

"ठीक आहे, मावशी. धोका नाही."

"किती वर्षां?"

"तुम्हाला इथे थोडेच दिवस काढायचेत. नवं घर झालं की—"

"ता नको सांगू. इचारलंय ता सांग."

मी पुन्हा वर पाहिलं. तिला हे सांगता आलं असतं. निदान काहीतरी सांगून मावशींना झोप लागेल असं करता आलं असतं.

"मला नाही सांगता येत," मी म्हणालो. "अजून माझं शिकून झालेलं नाही."

मावशी स्टोव्हकडे वळल्या आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मगे बेगीन शीक. तिच्यासारखा तुका जमाचा नाय. पण शीक."

त्यांनी चहा केला. आम्ही दोघांनी तो घेतला. दुसऱ्या दिवशी माझा पेपर होता, म्हणून मी उठलो.